दुपारी नेट जातं: सांगलीतल्या एका ओपनबीएसडी फायरवॉलचं प्रकरण

तक्रार अशी होती: दुपारच्या सुमारास नेट जातं, पाच-दहा मिनिटांनी आपोआप परत येतं, आणि ते आल्यावर ऑफिसातला प्रिंटर गायब असतो. घर सांगलीतलं, दुमजली. वर मावशी, काका आणि बाकी मंडळी. खाली मावसभावाचं कर सल्लागाराचं ऑफिस. रिटर्न भरायची मुदत जवळ आली की पाच मिनिटं नेट गेलं तरी खालचा आवाज वरच्या मजल्यावर ऐकू येतो. लाइन देणाऱ्या कंपनीचा माणूस फायबरच्या डब्यावरचे दिवे बघून ‘आमच्याकडून क्लिअर आहे’ असं सांगून गेला होता. मग साहजिकच संशय उरला तो जिन्याखालच्या ॲल्युमिनियमच्या काळ्या डबीवर, म्हणजे घरात नेट वाटणाऱ्या आणि नको ते अडवणाऱ्या फायरवॉलवर. “दादा, ही काढून दुकानातला साधा राउटर लावू का?” असं भावाने फोनवर विचारलं, तेव्हा हे प्रकरण माझ्याकडे आलं.

ती डबी मावशीच्या पुतण्याने बसवली होती. तो पुढे शिकायला जर्मनीला गेला. जाताना डबीवर ‘हलवू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून गेला आणि ती चिठ्ठी घरच्यांनी इमानाने पाळली. आत काय आहे हे मात्र त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

आत होतं पीसी इंजिन्स या स्विस कंपनीचं एपीयू-२ हे बोर्ड. एएमडीचा १ गिगाहर्ट्झचा चार कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, इंटेलचे तीन नेटवर्क पोर्ट. पंखा नाही, प्रोसेसरची उष्णता थेट पेटीच्या पत्र्यात उतरते, म्हणून डबी हाताला कायम कोमट लागते. वीज ६ ते १२ वॉट, म्हणजे महिन्याला चार ते नऊ युनिट. स्क्रीन जोडायची सोय मुळातच नाही, जो काही संवाद साधायचा तो मागच्या सीरियल पोर्टमधून. डिस्क म्हणून एमसाटाची १६ जीबीची एसएसडी आणि तिच्यावर ओपनबीएसडी ही सुरक्षेसाठी नावाजलेली ऑपरेटिंग सिस्टिम.

घरात ओपनबीएसडी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. भावाच्या ऑफिसात लोकांचे पॅन, बँकेचे उतारे, पगारपत्रकं असतात. त्याच घरात कुठल्याशा स्वस्त बनावटीचा सीसीटीव्हीचा डीव्हीआर आहे, टीव्ही आहे, मुलांचे फोन आहेत, पाहुण्यांचे फोन आहेत. हे सगळं एकाच वायफायवर एकमेकांच्या शेजारी बसलेलं असणं बरं नाही. पुतण्याने तीन पोर्टांचा हिशोब नीट लावला होता: एक फायबरच्या डब्याकडे, एक घरच्या वायफायकडे, एक छोट्या मॅनेज्ड स्विचकडे, आणि त्या स्विचवर ऑफिस आणि डीव्हीआर दोन वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे एकाच स्विचवर पण एकमेकांपासून तोडलेल्या जाळ्यांवर. डीव्हीआरला बाहेरच्या जगाशी बोलायला बंदी. ऑफिसातून डीव्हीआर दिसतो, डीव्हीआरमधून ऑफिस दिसत नाही. हे सगळं पीएफच्या एका फाइलीत, दोन पडद्यांत मावेल एवढं.

पीएफ हे ओपनबीएसडीचं स्वतःचं पॅकेट फिल्टर. आधी तिथे आयपीफिल्टर होतं. त्याच्या परवान्यावरून २००१ मध्ये वाद झाला, ते बाहेर काढलं गेलं आणि डॅनियल हार्टमायर यांनी लिहिलेलं पीएफ त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या ३.० आवृत्तीत बसलं. नियम वाचायला इतके सरळ की नेटवर्किंगची ओळख असलेला कोणीही ते वाचून घरातली व्यवस्था सांगू शकेल. खालचा नियम वरच्यावर मात करतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं. शिवाय पत्ते वाटणारा डीएचसीपी, नावं शोधणारा अनबाउंड, घड्याळ मिळवणारा एनटीपीडी, दुरून आत यायला सुरक्षित बोगदा काढणारा वायरगार्ड, सगळं मूळ सिस्टिममध्येच असतं. वरून एकही पॅकेज न टाकता फायरवॉल उभी राहते. मला विचाराल तर या यंत्रणेचा घरगुती फायदा सुरक्षेच्या कीर्तीपेक्षा यात जास्त आहे: कमी भाग, आणि प्रत्येक भागाचं मॅन पेज, म्हणजे माहितीपान, खरोखर वाचण्यासारखं.

तर नियम चांगले होते. गडबड डिस्कच्या मांडणीत होती.

सीरियल केबल लावून आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते हे की यंत्राला कालचं काही आठवत नाही. लॉगमध्ये आजचं बूट आणि त्यानंतरच्या ओळी. त्याआधी रिकामं. माउंट झालेल्या फाइल सिस्टिमची यादी पाहिली तेव्हा उलगडा झाला. मूळ सिस्टिम जिथे असते ते रूट आणि यूएसआर दोन्ही रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येणारे. नोंदी जिथे राहतात तो व्हार आणि तात्पुरत्या फाइलींचा टेम्प एमएफएसवर, म्हणजे रॅममध्ये उभारलेल्या फाइल सिस्टिमवर. बूट होताना व्हारचा एक साचा डिस्कवरून रॅममध्ये ओतला जायचा आणि वीज गेली की दिवसभराचं सगळं त्याच्याबरोबर जायचं. पुतण्याला मेसेज केला. उत्तर आलं: एसएसडीवर सारखं लिहिलं तर ती लवकर मरते, म्हणून.

ही भीती कुठून आली ते समजून घ्यायला हवं, कारण ती कोणे एके काळी खरी होती. घरगुती फायरवॉल कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर चालायचे. याच स्विस कंपनीच्या ॲलिक्स बोर्डावर ५०० मेगाहर्ट्झचा जिओड प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि कॅमेऱ्यात घालतात तसलं कार्ड असे. त्या कार्डांमध्ये झीज सगळ्या पेशींवर सारखी वाटून देणारी यंत्रणा जेमतेम असायची. लॉगची फाइल एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहिली की तीच जागा खचायची. म्हणून लोकांनी रीड-ओन्लीच्या युक्त्या काढल्या, त्यावर टिपणं लिहिली, आणि ती टिपणं हार्डवेअर बदललं तरी फिरत राहिली. पीएफसेन्स या दुसऱ्या फायरवॉल यंत्रणेनेसुद्धा अशा कार्डांसाठीची आपली नॅनोबीएसडी आवृत्ती २०१७ मध्ये २.४ येताना बंद केली. टिपणं मात्र बंद झाली नाहीत.

आता या डबीतल्या एसएसडीचा हिशोब मांडू. एमएलसी प्रकारच्या फ्लॅशची प्रत्येक पेशी साधारण ३,००० वेळा पुसून लिहिता येते असं धरलं, तर १६ जीबीच्या डिस्कवर ४८ टीबी लिहिता येईल. फायरवॉल दिवसाला १ जीबी लिहितो असं धरू. घरगुती फायरवॉल सहसा याच्या दहाव्या हिश्शाइतकंही लिहीत नाही. डिस्कला आतल्या आत जी हलवाहलव करावी लागते ती पाचपट धरू. म्हणजे दिवसाला ५ जीबी. ४८,००० भागिले ५, ९,६०० दिवस, सव्वीस वर्षं. फ्लॅश टीएलसी या कमी टिकणाऱ्या प्रकारची असेल आणि पेशी १,००० वेळाच टिकत असेल तरी जवळपास नऊ वर्षं, तेही सगळीकडे हात सैल सोडून धरलेल्या आकड्यांवर. एवढ्या काळात लाइनीचा वेग बदलेल, बोर्ड जुनं होईल, कदाचित घराला रंगही दोनदा लागेल. आणि हे अंदाजावर सोडायची गरज नाही. ओपनबीएसडीत एटीएसीटीएल नावाचं हत्यार मूळ सिस्टिममध्येच आहे, ते डिस्कचे स्मार्ट, म्हणजे तब्येतीचे, आकडे दाखवतं. झीज मोजता येते.

एसएसडी मरतात त्या बहुधा अशा झिजून मरत नाहीत. एके दिवशी त्या एकाएकी नाहीशा होतात. बायोसला दिसतच नाहीत. कंट्रोलर जातो, किंवा लिहिता लिहिता वीज जाऊन आतला नकाशा बिघडतो: कुठला ब्लॉक कुठल्या पेशीत आहे त्याचा. सर्व्हरसाठीच्या महागड्या डिस्कवर यासाठी छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, वीज गेल्यावर हातातलं काम उरकण्यापुरती ऊर्जा ते देतात. घरगुती डिस्कवर ते सहसा नसतात.

म्हणजे ज्या शत्रूसाठी तटबंदी होती तो येणार नव्हता. पण या तटबंदीची किंमत घरच्यांनी रोज मोजली होती.

पहिली किंमत प्रिंटरची. डीएचसीपी कोणाला कुठला पत्ता दिला याची वही व्हारमध्ये ठेवतो. व्हार रॅममध्ये, म्हणून वीज गेली की वही कोरी. उठल्यावर वाटप नव्याने सुरू, आणि प्रिंटरला कधी कधी वेगळाच पत्ता. विंडोज जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसायचं. दुसरी किंमत जास्त गंभीर. ओपनबीएसडीचे दुरुस्तीचे पॅच २०१७ पासून सिसपॅच या एका आज्ञेने लागतात, पण फाइल सिस्टिम रीड-ओन्ली दिसली की सिसपॅच काम करायला नकार देतो. आधी ती लिहिण्यायोग्य करा, पॅच लावा, पुन्हा बंद करा. पुतण्या इथे होता तोवर तो हे करत होता. तो गेल्यावर कोण करणार? सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि ताजी व तिच्या आधीची अशा दोनच आवृत्त्यांना पॅच मिळतात. ही डबी त्या रांगेतून कधीच बाहेर पडली होती. जगातल्या सगळ्यात काळजीपूर्वक लिहिलेल्या यंत्रणांपैकी एक, आणि तिच्यावर नव्या दुरुस्त्यांचा पत्ताच नाही.

बाकीच्या किंमती बारीक, पण मनाला लागतात. ओपनबीएसडी प्रत्येक बूटला यादृच्छिकतेचं बी, म्हणजे रँडम सीड, रूटवर नव्याने लिहून ठेवतो, पुढच्या बूटला बूटलोडर ते कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, देतो. रूट रीड-ओन्ली, तर बी जुनंच. ६.२ आवृत्तीपासून कर्नलचे तुकडे दर बूटला नव्या क्रमाने जोडले जातात, म्हणजे हल्लेखोराला दोन यंत्रांत एकच नकाशा सापडत नाही. त्यासाठीही लिहायला जागा लागते. अनबाउंड डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेच्या, मूळ किल्लीतले बदल व्हारमध्ये टिपून ठेवतो. ती किल्ली २०१८ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा बदलली गेली, तेव्हा ते टिपण किती कामाचं असतं हे पुष्कळांना कळलं. सारांश, ही यंत्रणा लिहिता येईल अशा डिस्कवर चालायची गृहीत धरून बांधलेली आहे. तिचे हात बांधून तिला चालवता येतं, पण तिच्या स्वभावाविरुद्ध.

आणि सगळ्यात मोठी किंमत म्हणजे दुपारी नेट का जातं हे सांगणारा एकही पुरावा मागे उरत नव्हता.

आधी फक्त एवढंच केलं: व्हारचा लॉगचा भाग डिस्कवर आणला आणि वाट पाहिली. पुढच्या आठवड्यात भावाचा फोन आला तेव्हा लास्ट ही आज्ञा चालवली. तिथे रीबूटच्या ओळी एकाखाली एक होत्या आणि त्यांच्याआधी शटडाउनची एकही ओळ नव्हती. कोणी यंत्र बंद केलेलं नाही, ते पडलेलं आहे. वेळा भावाला वाचून दाखवल्या. तो म्हणाला, “अरे, या तर लाइट जाण्याच्या वेळा.” पण घरात इन्व्हर्टर आहे ना? आहे. लाइट गेली तरी पंखे चालू असतात, म्हणून नेट आणि लाइट यांचा संबंध कोणाच्याच डोक्यात आला नव्हता.

इथे आपल्याकडच्या घरगुती इन्व्हर्टरची एक गंमत सांगायला हवी. मागे बहुतेकदा एक बटण असतं: एकीकडे यूपीएस, दुसरीकडे इको किंवा नॉर्मल. यूपीएसवर ठेवलं तर इन्व्हर्टर चटकन बॅटरीवर उडी मारतो, संगणकाला कळतही नाही. इकोवर ही उडी सावकाश होते. पंखा तेवढ्यात थांबत नाही, डोळ्यांना दिवा फक्त लुकलुकलेला दिसतो, पण १२ व्होल्टच्या स्वस्त ॲडॉप्टरला तेवढा खंड सोसत नाही. हा इन्व्हर्टर इकोवर होता. मग यूपीएसवर का ठेवू नये? कारण यूपीएसवर तो व्होल्टेजच्या बाबतीत नखरेल होतो. व्होल्टेज १८० च्या खाली उतरलं की तो लाइनची वीज नाकारून बॅटरी ओढायला लागतो. उन्हाळ्याच्या दुपारी त्या गल्लीत व्होल्टेज उतरतं. मग लाइट असूनही बॅटरी रिकामी होणार आणि खरी लाइट जाईल तेव्हा काकांचा पंखा बंद. काकांनी ते बटण इकोवर जाणूनबुजून ठेवलेलं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं.

आता पाच-दहा मिनिटांचा उलगडा. यंत्र पडलं की उठायला दीड-दोन मिनिटं. त्यानंतर पीपीपीओई जोडणी, म्हणजे लाइनच्या कंपनीकडे लॉगिन. पण डबी निरोप न घेता पडलेली असल्याने पलीकडच्या टोकाला जुनी जोडणी अजून जिवंत वाटत असते. ती कालबाह्य होईपर्यंत नव्या विनंतीला दाद मिळत नाही. उरलेली मिनिटं तिथे जायची. फायबरवाला ‘आमच्याकडून क्लिअर’ म्हणाला ते त्याच्या परीने खरं होतं.

निदान झालं, पण त्याने पुतण्याच्या बाजूचा एक खरा मुद्दाही समोर आला. तो मेसेजमध्ये म्हणाला, “झिजेचं सोडा, पण लाइट जाते त्याचं काय? रीड-ओन्ली डिस्क कधी अर्धवट राहत नाही.” हे अगदी योग्य. डिस्क लिहिण्यायोग्य केली की अचानक वीज गेल्यावर फाइल सिस्टिम मळकी राहते. पुढच्या बूटला एफएससीके तिची तपासणी करतो. किरकोळ विसंगती तो स्वतः नीट करतो. पण त्याला धोक्याचं वाटलं तर तो हात लावत नाही. बूट तिथेच थांबतं आणि कन्सोलवर इंग्रजीत ओळ उमटते, स्वयंचलित तपासणी अपयशी ठरली, आणि पुढे शब्दशः ‘हेल्प!’ उद्गारचिन्हासकट. टेबलावरच्या यंत्रासाठी हे वागणं शहाणपणाचं आहे. जिन्याखालच्या, स्क्रीन नसलेल्या, सीरियल पोर्टला काहीही न जोडलेल्या डबीच्या बाबतीत ती हाक ऐकणार कोण? घरच्यांच्या दृष्टीने दिवा हिरवा आणि नेट बंद.

म्हणजे रीड-ओन्लीचा खरा उपयोग झीज टाळण्यात नव्हता, हा होता. पुतण्याने औषध ठीक निवडलं होतं, आजाराचं नाव वेगळं सांगितलं होतं. आणि नाव बदललं की स्वस्त औषधही दिसतं.

डबी नव्याने बसवली. मागे पडलेल्या आवृत्त्या एकेक पायरी चढण्यापेक्षा ते बरं. नियमांची फाइल आणि नेटवर्कच्या चार फाइली तेवढ्या जपून बाहेर काढल्या. या बोर्डावर इन्स्टॉल करताना एक जागा प्रत्येकाला अडवते: बोर्ड सीरियलवर १,१५,२०० च्या वेगाने बोलतं, ओपनबीएसडीचा बूटलोडर मुळात ९,६०० वर. बूटच्या प्रॉम्प्टवर आधी वेग आणि मग कन्सोल कॉम-झिरो असल्याचं सांगितलं नाही तर पडद्यावर नुसती खिचडी. एवढं केलं की पुढचे प्रश्न पाच मिनिटांत संपतात.

डिस्क आधी पूर्ण पुसून घेतली आणि तिचा सुमारे तिसरा हिस्सा कुठल्याच विभागात न घेता मोकळा सोडला. याला कारण आहे. ओपनबीएसडीची एफएफएस फाइल सिस्टिम डिस्कला ट्रिम सांगत नाही, म्हणजे कुठली जागा आता रिकामी झाली हे डिस्कला कळत नाही. कधीच न लिहिलेली जागा मात्र डिस्कला रिकामी म्हणूनच माहीत असते, आणि तिच्या आतल्या हलवाहलवीला ती वापरता येते. फायरवॉलला जागा लागते तरी किती? फक्त होम विभाग अगदी चिंचोळा ठेवून चालत नाही, कारण आवृत्ती बदलणारा सिसअपग्रेड आपलं सामान तिथेच उतरवतो. आणि यूएसआरलाही कर्नल जोडण्यापुरती ऐसपैस जागा हवी.

माउंटचे पर्याय थोडकेच बदलले. सगळीकडे नोएटाइम, म्हणजे फाइल नुसती वाचली म्हणून डिस्कवर नोंद होत नाही. टेम्प एमएफएसवरच राहू दिला, तिथे काही जपायचं नसतं. रूट आणि व्हारवर सिंक लावलं: लिहिलं की लगेच डिस्कवर. डेस्कटॉपवर असं केलं तर वैताग येईल. फायरवॉल दिवसभरात लिहितोच किती? पूर्वी लोक सॉफ्टडेप वापरायचे, पण २०२३ च्या ७.४ आवृत्तीपासून तो पर्याय दिला तरी काही करत नाही, आणि जुन्या टिपणांतून तो उचलून फाइलीत लिहिणारे अजून भेटतात.

लॉग डिस्कवर. यावर मी ठाम आहे. ज्या घटनेची चौकशी करायची, तिच्यातच चौकशीचे कागद जळावेत अशी व्यवस्था कोणी मुद्दाम करू नये. फक्त पीएफने काय लिहायचं ते आवरलं. अडवलेलं प्रत्येक पॅकेट नोंदवण्यात अर्थ नाही. डीव्हीआरने बाहेर जायचा प्रयत्न केला तर ते मात्र नोंदवलं जातं. (तो करतो. रोज. चिकाटी वाखाणण्याजोगी आहे.) प्रिंटर आणि डीव्हीआर यांना कायमचे पत्ते बांधून दिले, म्हणजे वही हरवली तरी ते हरवणार नाहीत.

मग प्लग उपटायची परीक्षा. सीरियल केबल लावून, व्हारमध्ये मुद्दाम लिहिणं चालू ठेवून, पुन्हा पुन्हा वीज तोडली. एफएससीके दर वेळी स्वतःच सावरला, हेल्प उमटलं नाही. यातून खात्री मिळत नाही. एवढंच कळतं की हा प्रसंग क्वचित येणार आहे. आरसी फाइलीत एफएससीकेला ‘सगळ्याला हो म्हण’ असं सांगणारे लोक आहेत, आणि ज्या यंत्रावर जपण्यासारखा डेटाच नाही त्यासाठी ते चुकीचंही नाही. मी ती फाइल हात न लावता ठेवली. आवृत्ती बदलताना ती बदलते आणि आपला बदल राहिला की गेला ते लक्षात ठेवत बसावं लागतं.

त्याऐवजी वीजच जाऊ नये अशी सोय केली. राउटरसाठी मिळणारी १२ व्होल्टची छोटी यूपीएस, आत लिथियमची बॅटरी. तिने तासन् तास चालायची गरज नाही. इन्व्हर्टर जागा होईपर्यंतचा लुकलुकाट तिने सांभाळायचा, पुढचे तास इन्व्हर्टरचे. फायबरचा डबाही तिच्यावरच, नाहीतर डबी जागी आणि लाइन झोपलेली. घेताना पिन बघून घ्यावी लागते: राउटरच्या नेहमीच्या पिनचं भोक २.१ मिलिमीटरचं, या बोर्डाच्या जॅकला २.५ लागतं. दिसायला दोन्ही सारख्याच, आणि दुकानदार ‘बसेल की’ म्हणतो. बसत नाही. काकांचं बटण इकोवरच राहिलं.

हेल्पची हाक ऐकायलाही कोणीतरी हवंच होतं. सीरियल केबल आता खालच्या ऑफिसातल्या संगणकाला कायमची जोडलेली आहे. नेट बंद पडलं तर भाऊ तो संगणक फोनच्या हॉटस्पॉटवर घेतो, मी पुण्यातून त्याचा पडदा बघतो आणि तिथून डबीच्या कन्सोलवर टाइप करतो. तेवढा वेळ नसेल तर ड्रॉवरमध्ये कंपनीचा जुना राउटर सेटिंगसकट ठेवला आहे. निळी वायर काढून त्यात घालायची, बस. तेव्हा डीव्हीआरची वायर मात्र काढून ठेवायची, हे त्याच्यासोबतच्या कागदावर लाल शाईने लिहिलं आहे.

एरवी मी आत जातो ते वायरगार्डने. लाइन सीजीनॅटमागे आहे, म्हणजे अनेक ग्राहकांत मिळून एकच बाहेरचा पत्ता, त्यामुळे बाहेरून आयपीव्ही-४ वर डबीचं दार ठोठावता येत नाही. म्हणून डबीच एका भाड्याच्या लहान सर्व्हरकडे बोगदा काढून ठेवते आणि अधूनमधून हुंकार देत तो जिवंत ठेवते. ६.८ आवृत्तीपासून वायरगार्ड कर्नलमध्येच असल्याने यासाठीही पॅकेज नाही. दुरून नियम बदलताना आधी पीएफसीटीएल या नियम चढवणाऱ्या आज्ञेला फाइल नुसती वाचायला लावतो, आणि नवे नियम चढवण्याआधी पाच मिनिटांनी जुने परत चढवणारी आज्ञा मागे लावून देतो. माझाच बोगदा तुटला तर पाच मिनिटांनी दार आपोआप उघडतं. नाही तुटला तर ती आज्ञा मारून टाकतो.

दुसऱ्या यंत्रणांचा विचार केला का, असं पुतण्याने विचारलं. केला. ओपनडब्ल्यूआरटी मुळातच रीड-ओन्ली स्क्वॉशएफएस आणि त्यावर लिहिण्याचा पातळ थर अशी बांधलेली आहे. १६ एमबी फ्लॅशच्या राउटरवर ती मांडणी शोभते. ओपीएनसेन्स झेडएफएस या वीज गेली तरी अर्धवट न राहणाऱ्या फाइल सिस्टिमवर चालवली तर एफएससीकेचा प्रश्नच उरत नाही, आणि लाइट जाणं हा एकच निकष असता तर मी तिकडे वळलो असतो. पण तिथे वेब पानं, प्लगइन, डेटाबेस असं बरंच सामान येतं. इथे नियमांची दोन पडद्यांची फाइल आहे, आणि ती पुतण्या जर्मनीत बसूनसुद्धा वाचून ‘हा नियम वर घे’ असं सांगू शकतो.

पॅच आता लागतात. सिसपॅच दर रात्री बघतो आणि काही आलं असेल तर मला मेल येतो, लावतो मी हाताने, सकाळी ऑफिस उघडायच्या आत. आवृत्ती वर्षातून दोनदा, रविवारी, भाऊ घरी असताना. तो खाली कन्सोलचा पडदा उघडून बसतो आणि ओळी सरकताना बघतो.

एक गोष्ट मात्र मिटलेली नाही. पीसी इंजिन्सने २०२३ मध्ये हे बोर्ड बंद होत असल्याचं जाहीर केलं, म्हणजे पुढची डबी वेगळी असणार. बाजारात इंटेलच्या एन-१०० प्रोसेसरचे चार पोर्टांचे बिनपंख्याचे डबे आहेत आणि त्यांच्या पोर्टांचा ड्रायव्हर ओपनबीएसडीत आला आहे. नियमांच्या फाइलीत पोर्टांची नावं बदलली की काम होईल. अडचण दोन ठिकाणी आहे. त्यांतल्या बऱ्याच डब्यांना सीरियल पोर्ट नसतो, त्यामुळे ऑफिसातल्या संगणकाची केबल निरुपयोगी होईल. आणि जिन्याखाली वारा नाही. मे महिन्यात तिथे जास्त वॉटचा डबा किती तापेल हे आणून चालवल्याशिवाय कळणार नाही. सीरियल पोर्ट असलेलं एक मॉडेल पाहून ठेवलं आहे, पुतण्या दिवाळीला येईल तेव्हा तोच बसवणार आहे.